लो-कार्ब आणि फ्लेवरवाली दारू: बाटली कशी ओळखायची आणि चव कुठून आणायची

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की वय ४४, चार महिन्यांपासून लो-कार्ब चालू आहे, ९४ वरून ८५ किलोवर आलात, पोळी-भात बंद, सकाळचे पोहे-जलेबीसुद्धा सोडलेत (इंदूरात राहून हे सोडणं काय असतं ते मला माहिती आहे, मनापासून शाबासकी), पण शनिवारी विजय नगरला मित्राच्या गच्चीवर बैठक असते, तिथली रम-कोला तुम्ही बंद केली, साधी व्होडका सोड्यात घशाखाली उतरत नाही, आणि मित्र म्हणतात भिया संत्र्याची घे, ग्रीन ॲपलवाली घे, हनीवाली व्हिस्की घे, तर यातलं काय चालतं. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय की साखरेसाठी, म्हणजे मधुमेहासाठी, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण फ्लेवरमध्ये साखर किती हा प्रश्न नंतरचा आहे. अठरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, आणि लो-कार्ब, साखरेची गोळी आणि दारू हे तीन एकत्र आले की मला खरोखर भीती वाटते.

असं बघा, रात्री आपण झोपलेलो असताना रक्तातली साखर सांभाळायचं काम लिव्हर करतं. एक तर साठवलेल्या ग्लायकोजेनमधून साखर सोडतं आणि दुसरं म्हणजे नवीन साखर तयार करतं. लो-कार्बवर तो साठा आधीच कमी असतो. दारू पोटात गेली की लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी अल्कोहोल निपटवायला घेतं आणि त्या भानगडीत नवीन साखर बनवणं जवळजवळ थांबतं. आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या, त्यांना काय माहिती तुम्ही रात्री जेवलात की नाही. माझ्याकडे येणाऱ्या लोकमान्य नगरच्या एका गृहस्थांचं हेच झालं, कार्ब नकोत म्हणून जेवणच टाळलं, दोन लार्ज (६० मिलीचे पेग) घेतले, गोळी नेहमीसारखी घेतली, पहाटे चारला घामाने डबडबलेले, बोलणं अडखळत होतं, घरच्यांना वाटलं चढलीय, झोपू द्या. नशीब की त्यांच्या सुनेने ग्लुकोमीटर लावला, आकडा ५२. साखर खाली गेल्याची आणि दारू चढल्याची लक्षणं बाहेरून एकसारखी दिसतात, म्हणून तर हे इतकं धोक्याचं आहे.

तेव्हा शनिवारच्या आधी ज्या डॉक्टरांनी गोळी दिलीय त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा, मी लो-कार्ब करतोय आणि मी आठवड्यातून एकदा पितो. लो-कार्ब सुरू केल्यावर या गोळ्यांचा डोस बरेचदा कमी करावा लागतो, पण तो त्यांनी करायचा, स्वतःच्या मनाने गोळी चुकवायची नाही. प्यायच्या दिवशी जेवण टाळायचं नाही, झोपण्याआधी साखर बघायची, आणि गच्चीवरच्या निदान एका मित्राला माहिती हवं की याला साखरेची गोळी चालू आहे. आकडा ७० च्या खाली दिसला तर त्या क्षणी लो-कार्ब विसरायचं, तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हे सगळं लागू. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर त्यांचा धोका वेगळा, लघवीवाटे साखर काढणाऱ्या या गोळ्या, कडक लो-कार्ब आणि दारू एकत्र आल्या की रक्तात ॲसिड वाढू शकतं आणि मीटरवर साखर जवळजवळ नॉर्मल दिसत असते, म्हणून त्यांनी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय एक पेगसुद्धा घेऊ नये.

आता बाटलीकडे येऊ.

मूळ गोष्ट एकच लक्षात ठेवा, भट्टीतून साखर वर येत नाही. दारू कशाचीही असो, उसाची मळी, बार्ली, द्राक्षं, काजूची बोंडं, उकळून वाफ थंड केली की वाफेबरोबर अल्कोहोल येतं, पाणी येतं, वासाची द्रव्यं येतात, साखर मागे भांड्यात राहते. म्हणून साधी व्होडका, जिन, व्हिस्की, फेणी यांत कार्ब जवळपास शून्य. आपल्या मध्य प्रदेशातलंच उदाहरण घ्या, मोहाची फुलं चाखून बघा, मनुकेसारखी गोड असतात, पण त्यांची गाळलेली दारू गोड नसते, फुलाचा तो धुरकट वास तेवढा राहतो. सरकारने तिला हेरिटेज लिकर म्हणून मान्यता दिलीय, अलीराजपूरकडचे आदिवासी बचत गट ती बनवतात, आणि चव आहे पण साखर नाही याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा माहीत नाही. फक्त सीलबंद, लायसनवाली बाटलीच घ्या, कॅनमधून मिळणारी कच्ची नको, तिथे प्रश्न साखरेचा नाही, मेथेनॉलचा असतो आणि त्याने डोळे जातात, जीव जातो.

म्हणजे चव वेगळी आणि गोडी वेगळी. फ्लेवर हा शब्द वाचला की बऱ्याच जणांना वाटतं साखर आलीच, तसं नसतं. जिन म्हणजे तरी काय, ज्युनिपर, धणे, लिंबाची साल यांची चव लावलेली दारूच की. ज्या बाटलीवर लंडन ड्राय लिहिलेलं असतं तिच्यात युरोपच्या नियमाने लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त गोडवा चालत नाही, म्हणजे नसल्यातच जमा. पण गुलाबी जिन, स्ट्रॉबेरी जिन हे वेगळं प्रकरण, त्यांत बऱ्याचदा साखर असते.

फ्लेवरवाल्या व्होडकात खरा घोळ आहे. काही कंपन्या फक्त अर्क घालतात, साखर अजिबात नाही. काही थोडी घालतात, काही भरपूर. युरोपात साध्या व्होडकाला लिटरमागे ८ ग्रॅमची मर्यादा आहे आणि फ्लेवरवालीला जवळपास १०० ग्रॅमपर्यंत मोकळीक आहे, म्हणजे ३० मिलीच्या स्मॉलमध्ये शून्यापासून ३ ग्रॅमपर्यंत काहीही असू शकतं. तुम्ही दिवसाला ५० ग्रॅम कार्बवर असाल तर दोन स्मॉलचे ६ ग्रॅम बसतील, २० वर असाल तर टोचतील. आणि आपल्याकडे दारूच्या बाटलीवर बिस्किटाच्या पुड्यासारखा साखरेचा तक्ता नसतो, त्यामुळे वाचून कळायची सोय नाही.

हनीवाली, दालचिनीवाली व्हिस्की मात्र सरळ सोडून द्या. खऱ्या व्हिस्कीत गोडवा घालायची परवानगीच नाही, मध घातला की ती व्हिस्की राहत नाही, लिकर होते (लिकर म्हणजे इथे गोड केलेली दारू, मघाच्या हेरिटेज लिकरमधलं लिकर वेगळं), फक्त लेबलवर व्हिस्कीचं नाव मोठ्या अक्षरात असतं म्हणून आपण फसतो. लिकर म्हणजे साधारण लिटरमागे किमान १०० ग्रॅम गोडवा, आणि नावात क्रेम असेल तर किमान २५०. हे क्रेम म्हणजे मलई नव्हे बरं का, पाकासारखी दाट गोड एवढाच अर्थ. मलईवाल्या क्रीम लिकर वेगळ्या, त्यांत साखर अधिक फॅट. कॉफी लिकर तर सगळ्यांत फसवी, चव कडवट लागते आणि आत पाक असतो.

दुकानात उभं राहून ओळखायचं झालं तर अल्कोहोलचा टक्का बघा. आपल्याकडची साधी व्होडका, रम, व्हिस्की बहुतेक ४२.८ टक्के असते. बाटलीवर ३५ किंवा त्याखाली काही दिसलं की मी तरी आधी साखर असेल असंच धरते. शंभर टक्के खात्री नाही, बिनसाखरेच्या काही फ्लेवर व्होडकासुद्धा ३७-३८ वर असतात, पण इशारा म्हणून चांगला.

खात्री करायचीच असेल तर घरी एक प्रयोग आहे, मी सगळ्यांना करायला लावते. काचेच्या बशीत चार-पाच थेंब टाका, शेजारी साध्या व्होडकाचे टाका, रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी बोट फिरवा. साध्या व्होडकाच्या जागी काहीच नसेल. दुसरीकडे चिकट डाग असला तर साखर. अजून नेमकं हवं असेल तर सराफ्यात तुमच्या ओळखीचा कुणी असेल त्याच्या सोन्याच्या काट्यावर एक पसरट हलकी वाटी तोलून घ्या, त्यात बरोबर १० मिली घाला, एक-दोन दिवस उघड्यावर पूर्ण सुकू द्या आणि परत तोला. वजन ०.३ ग्रॅम वाढलं तर ३० मिलीच्या पेगात साधारण ०.९ ग्रॅम साखर, १ ग्रॅम वाढलं तर ३ ग्रॅम. थोडा ओलावा राहतो म्हणून आकडा जरा जास्त येतो, चालेल, जास्तच धरलेला बरा. फक्त गॅसवर आटवायला जाऊ नका, वाफ पेट घेते. आणि एक लक्षात असू द्या, गोड लागतंय पण बशी कोरडी आहे असं झालं तर त्यात सुक्रालोजसारखं काहीतरी आहे, कार्ब नाहीत.

पण दादा, खरं सांगू का, इतके वर्षं लोकांच्या खाण्याच्या वह्या तपासल्यावर माझं मत असं झालंय की बाटलीतल्या साखरेने फार कमी जणांची गाडी अडते. अडते ती ग्लासात वरून ओतलेल्याने. ३०० मिली कोल्यात ३२ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे २० ग्रॅमवर असाल तर दीड दिवसाचा कोटा एका ग्लासात. टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून लोक बिनधास्त पितात, त्यातही ३०० मिलीला २५ ग्रॅमच्या घरात असते. डब्यातला ज्यूस त्याहून वर. नारळपाणी पौष्टिक म्हणून घालतात, एका ग्लासात ८-१० ग्रॅम. चालणारं म्हणजे साधा सोडा, पाणी, अर्धं लिंबू, चिमूट काळं मीठ. डाएट टॉनिक, डाएट कोला चालतं कार्बच्या हिशोबाने, पण गोड मिक्सरपेक्षा डाएटवाल्याबरोबर दारू पोटातून लवकर पुढे सरकते आणि जास्त लवकर चढते, तर ग्लास हळू संपवायचा. लो-कार्बवर तशीही पूर्वीपेक्षा कमीत चढते, हे तुम्हाला कदाचित जाणवलंही असेल.

आता तुमची खरी अडचण, साधी व्होडका उतरत नाही. माझं म्हणणं, चव विकत कशाला घ्यायची, घरी लावा. साध्या व्होडकाचा नाहीतर पांढऱ्या रमचा अद्धा घ्या, काचेची झाकणाची बरणी घ्या, आणि साल वापरा, गर नाही. हे एवढं पाळलं की झालं. फळाची साखर गरात आणि रसात असते, वास सालीतल्या तेलात असतो, आणि ते तेल अल्कोहोलमध्ये फार छान उतरतं. दोन संत्री धुऊन कोरडी करा, बटाटा सोलायच्या सोलाण्याने फक्त वरची केशरी साल पातळ काढा, पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू. ३७५ मिलीत चार-पाच दिवस अंधाऱ्या कपाटात, रोज एकदा हलवायचं, मग गाळून घ्यायचं, साल तशीच ठेवली तर कडवटपणा वाढत जातो. हिवाळ्यात नागपुरी संत्री येतात तेव्हा ही करून बघाच, बाजारातली ऑरेंज व्होडका तिच्यापुढे गोळीच्या औषधासारखी लागते.

वेलची करायची तर पाच-सहा ठेचून एक दिवस, बस, जास्त ठेवली तर नुसता कापूर वाटतो. दालचिनीचा बोटभर तुकडा दोन दिवस, तुमची ती दालचिनीवाली व्हिस्कीची हौस इथे भागेल. आलं किसायचं नाही, चकत्या करून दोन-तीन दिवस. हिरवी मिरची मध्ये चिरून दोन-तीन तासच, आणि दर अर्ध्या तासाने चाखायची, कारण एकदा तिखट उतरलं की परत जात नाही. कॉफीच्या भाजलेल्या बिया मूठभर, अख्ख्या, एक दिवस, आणि कॉफी लिकरची गरजच संपते. उन्हाळ्यात मला स्वतःला वाळा आवडतो, धुतलेल्या वाळ्याची छोटी जुडी दीड-दोन दिवस, वरून नुसता गार सोडा आणि लिंबाची साल पिळून, आमच्याकडे माठात वाळा घालायचे तो वास येतो अगदी. पेरू-मिरची हल्ली सगळे करतात, छान लागते यात वाद नाही, पण पेरूचा गर घातला की साखर उतरणार, तेव्हा तिचे कार्ब धरा. गोडीशिवाय जमतच नसेल तर स्टीव्हियाचे दोन थेंब घाला, माझा अनुभव असा की दोन-तीन शनिवारांनंतर तेही लागत नाहीत.

कार्ब शून्य झाले म्हणजे हिशोब संपला असं मात्र नाही. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे स्मॉलला ७०, लार्जला १४० आणि क्वार्टर संपवला तर सव्वाचारशे. आणि कॅलरीपेक्षा मोठी गोष्ट अशी की अल्कोहोल साठवता येत नाही म्हणून शरीर तेच आधी जाळतं आणि चरबी जाळणं तोवर बाजूला पडतं. १९९९ मध्ये आठ पुरुषांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात २४ ग्रॅम अल्कोहोलनंतर चरबीचं ज्वलन ७३ टक्क्यांनी घसरलं होतं, दारूची थेट चरबी झाली ती मात्र ५ टक्क्यांहूनही कमी. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम संपवतं, तर एका लार्जला दोन-तीन तास, चार लार्ज म्हणजे रविवारची सकाळ. माझ्याकडे ज्यांचं वजन बिनसाखरेची पिऊनही अडकलं त्या बहुतेकांचं कारण हेच निघालं, फ्लेवर बरोबर होता, मोजमाप नव्हतं. २०२३ पासून मध्य प्रदेशात अहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झाल्यावर बैठकी घरीच होतात आणि घरी कुणी मोजत नाही, बाटली तिरपी केली की सहज ८० मिली पडते. स्टीलचं ३०-६० चं माप आणा, किंवा खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरा. तुमच्यासाठी माझा आकडा दोन स्मॉल, तेही डॉक्टरांनी होकार दिला तर, आणि मध्ये एक ग्लास पाणी. लो-कार्बवर मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, त्यात दारू, म्हणून झोपण्याआधी मीठ घातलेलं पातळ ताक घ्या, सकाळचं डोकं बरंचसं वाचतं. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलेलं असेल, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं असेल, तर दोन स्मॉलही नकोत, आधी लिव्हर. आणि जे पीत नाहीत त्यांनी शून्य कार्ब वाचून सुरू करू नये, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय की दारूची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही.

राहिलं खाणं. बैठकीत शेव येणारच, इंदूर आहे, पण शेव म्हणजे बेसन, वाटीभर खाल्ली की कार्ब तिथेच गेले. शेंगदाणे त्यापेक्षा बरे पण तेही मूठभर, १०० ग्रॅमला १६ ग्रॅम कार्ब आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी. पनीर भाजून न्या, उकडलेली अंडी, काकडी, तळलेले मासे, तंदुरी चिकन, काय आवडेल ते, पण बसायच्या आधी नीट जेवून जा. कारण माझ्या मते सगळ्यात अवघड वेळ रात्री साडेअकराला येते, जेव्हा कुणीतरी म्हणतं चला सराफ्यात, सोन्याच्या त्याच बाजारात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. दोन पेगनंतर भूक खवळलेली असते, निश्चय सैल झालेला असतो, आणि समोर गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, साबुदाणा खिचडी, रबडी आणि ताटाएवढा जलेबा. मी एका पेशंटची वही पाहिली होती, आठवडाभर रोज २५ ग्रॅम कार्ब आणि शनिवारी रात्री एका तासात दोनशेच्या वर. दारूत त्यांनी काहीच चूक केली नव्हती, घरून मोजून जिन-सोडा घेतला होता. तेव्हा तुम्ही आधीच ठरवून ठेवा, पिण्याच्या रात्री सराफा नाही, सराफा वेगळ्या दिवशी, न पिता, घरच्यांबरोबर, आणि तेव्हा जे खाल ते मोजून आणि आनंदाने खा. गाडी तर चालवायचीच नाही, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि लो-कार्बवर ती तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर ओलांडली जाते.

तर तुमच्या यादीचं उत्तर असं, हनी व्हिस्की नाही, कॉफी लिकर नाही, ग्रीन ॲपल बशीचा प्रयोग केल्याशिवाय नाही, संत्र्याची घरी करा. आज सोमवार आहे, साल आज टाकलीत तर शनिवारी तयार असेल. तोपर्यंत डॉक्टरांना फोन करा आणि गोळीचं काय ठरलं, झोपतानाची साखर किती असते, शेवटचं एसजीपीटी किती होतं ते मला लिहा, मग दोन स्मॉलच्या आकड्याबद्दल परत बोलू.